मघाची चकती, आत्ताची चकती

रात्रीचा एक वाजला की प्रयोगशाळेतला पंखा बंद करायचा, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबायचं आणि पुढची दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, शक्यतो जागचं हलायचंही नाही. एमएस्सीला असताना होलोग्राम घेण्याचा आमचा हा विधी होता. परदेशी मासिकांतल्या चित्रांत हवेवर तोललेली पोलादी टेबलं असत. आमच्याकडे कडप्प्याची जाड फरशी होती आणि तिच्याखाली अर्धवट फुगवलेल्या स्कूटरच्या चार ट्यूबा. रस्त्यावरून ट्रक गेला की फरशीचं थरथरणं थांबेपर्यंत वाट बघायची. आमच्या डोळ्यांना ती केव्हाच थांबलेली दिसे, पण लेझरचं समाधान व्हायला बराच वेळ लागे.

फरशीवर एका पोलादी कड्यात घट्ट आवळून उभी केलेली ॲल्युमिनियमची चकती असे. दहा सेंटिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची. मागच्या अंगाला बरोबर मध्यावर एक हूक, हुकाला दोरा, दोरा कप्पीवरून खाली सोडलेला. समोर काचेची प्लेट लावायची, लेझरपुढची झडप उघडून काही सेकंद उजेड द्यायचा आणि झडप बंद करायची. मग दोऱ्याला वाण्याकडून मागून आणलेलं एक किलोचं वजन हलक्या हाताने अडकवायचं, पुन्हा दहा मिनिटं चिडीचूप बसायचं आणि त्याच प्लेटवर दुसऱ्यांदा तेवढाच उजेड द्यायचा. हिरव्या मिणमिणत्या दिव्यात प्लेट धुऊन, सुकवून पुन्हा लेझरसमोर धरली की काचेपलीकडे चकती दिसायची. खरी चकती एव्हाना कपाटात गेली असली तरी दिसायची. आणि तिच्या अंगावर, डबक्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी, एकात एक आठ-नऊ काळी वर्तुळं.

एक किलोच्या ओढीने तीन मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम वाकलं होतं. मध्यावर साधारण पावणेतीन मायक्रॉन. वर्तमानपत्राचा कागद सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढं. बोट फिरवून कळणार नाही, कॅलिपरला कळणार नाही. इथे मात्र ते मोजायला फक्त वर्तुळं मोजावी लागत. एका काळ्या वर्तुळापासून पुढच्यापर्यंत गेलं की ०.३१६ मायक्रॉनची एक पायरी उतरलो. हा आकडा आम्ही ठरवलेला नव्हता. हेलियम-निऑन लेझरच्या तांबड्या उजेडाची तरंगलांबी ०.६३२८ मायक्रॉन, तिचा हा निम्मा. पृष्ठभाग जेवढा मागे सरतो त्याच्या दुप्पट वाट उजेडाला जास्त तुडवावी लागते, जाताना एकदा आणि परतताना एकदा, म्हणून निम्मा.

पण मला आजही नवल वाटतं ते या बारकाईचं नाही. उजेडाच्या लाटांनी लांबी मोजणं एकोणिसाव्या शतकातही लोकांना येत होतं. नवल याचं, की ती वर्तुळं दोन चकत्यांच्या भेटीतून उमटलेली होती. एक वजन लावण्याआधीची आणि एक वजन लावल्यानंतरची. या दोन चकत्या कधीच एका वेळी अस्तित्वात नव्हत्या. तरीही दोघींवरून निघालेला उजेड आमच्या डोळ्यांत एकाच क्षणी शिरत होता आणि एकमेकांशी हिशेब करत होता.

तंबोरा जुळवताना जवळ बसलेल्यांना हा हिशेब कानाने ठाऊक असतो. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एकाच सुरात आल्या, पण अजून केसभर फरक आहे. एकेक तार वेगळी छेडली तर तो फरक चांगल्या कानालाही सापडत नाही. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज हेलकावे घेऊ लागतो. कधी दोघींच्या लाटा एकमेकींना उचलून धरतात, कधी एकमेकींना बुडवतात. फरक जितका कमी तितका हेलकावा संथ. दोन लाटा एकत्र आल्या की मोठ्या आकड्यांची वजाबाकी आपोआप होते आणि उरलेली बारीकशी बाकी तेवढी समोर येते. पाठ्यपुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यावर दिसणारे रंग त्याचेच.

अडचण अशी, की मघाच्या चकतीवरून निघालेली लाट आत्तापर्यंत धरून ठेवायची कशी? फोटोला ते जमत नाही. तांबड्या उजेडाची लाट सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी वेळा वरखाली होते. फिल्मला एवढंच कळतं की इथे उजेड जास्त पडला, तिथे कमी. लाट आली तेव्हा चढणीवर होती की उतरणीवर, तिची ‘कला’ काय होती, ही माहिती फोटोत बुडते. आणि खोली, अंतर, मायक्रॉनचं सरकणं हे सगळं त्या कलेतच असतं.

यावरची तोड डेनिस गॅबर या हंगेरीत जन्मलेल्या इंजिनिअरला १९४७ मध्ये सुचली. तेव्हा तो इंग्लंडमधल्या रग्बी गावात एका वीज-उपकरणांच्या कंपनीत होता आणि त्याच्या डोक्यात घोळत होता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. ईस्टरच्या सुट्टीत टेनिस कोर्टावर आपल्या पाळीची वाट पाहत बाकावर बसलो असताना ही कल्पना आली, असं त्यानेच पुढे सांगितलं. कल्पना अशी : वस्तूवरून येणारी लाट एकटी फिल्मवर पाडूच नका. तिच्या जोडीला दुसरी एक साधी, ओळखीची लाट सोडा. दोघी मिळून फिल्मवर व्यतिकरणाच्या बारीक रेषा काढतील आणि लाटेची चढण-उतरण त्या रेषांच्या जागांमध्ये नोंदली जाईल. पुढे केव्हाही ती ओळखीची लाट एकटीच त्या फिल्मवर सोडली, की रेषांतून वळून, फुटून ती वस्तूची लाट जशीच्या तशी पुन्हा उभी करील. तंबोऱ्याच्याच भाषेत बोलायचं तर षड्ज लावून ठेवायचा, त्याच्याशी झालेले सगळे हेलकावे लिहून ठेवायचे आणि नंतर नुसता षड्ज छेडून गाणं परत ऐकायचं. खऱ्या तंबोऱ्याला हे जमत नाही. उजेडाला जमतं.

गॅबरकडे होता पाऱ्याच्या वाफेचा दिवा. त्याच्या लाटा इतक्या लवकर विस्कळीत होत की टाचणीच्या टोकाएवढ्या वस्तूपलीकडे काही साधेना. कल्पना कपाटात गेली. १९६० मध्ये लेझर आला तेव्हा ती पुन्हा बाहेर आली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेत एमेट लीथ आणि युरिस उपाटनीक्स यांनी ओळखीची लाट तिरकी सोडली आणि १९६४ मध्ये खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम लोकांसमोर ठेवला. बघणारे काचेमागे वाकून खरी गाडी शोधत होते म्हणतात. विश्वास ठेवायला हरकत नाही, मी आमच्या शिपायाला चकतीच्या बाबतीत हेच करताना पाहिलंय.

त्याच प्रयोगशाळेत रॉबर्ट पॉवेल आणि कार्ल स्टेटसन यांना होलोग्राममधल्या वस्तूंवर नको असलेले काळे पट्टे दिसू लागले. पट्टा दिसला की प्लेट वाया गेली म्हणायचं, ही तेव्हाची रीत. या दोघांनी पट्ट्यांचीच चौकशी केली. उजेड देत असताना वस्तू किंचित हलली होती आणि किती हलली याचा सगळा जमाखर्च त्या पट्ट्यांत होता. पडताळा पाहायला त्यांनी घेतला ३५ मिलिमीटर फिल्मचा पत्र्याचा डबा. त्याचा तळ थरथरवला आणि थरथरत असतानाच होलोग्राम घेतला. १९६५ मध्ये हे छापून आलं. त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेतले आणखी काही गट आपापल्या वाटेने याच जागी पोचले होते. लेझर हाती आल्यावर हा शोध कुणाच्या तरी पायात येणारच होता. पहिल्यांदा ठेच लागली ती या दोघांना.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या शोधातली खरी गंमत सहज निसटते. उजेडाने बारीक हालचाल मोजायची तर त्याआधी वस्तू आरशासारखी घासूनपुसून गुळगुळीत करावी लागे. खडबडीत पत्र्यावर व्यतिकरणाच्या स्वच्छ रेषा येतच नसत, कारण त्याचे उंचवटे-खळगे उजेडाच्या लाटेहून कितीतरी मोठे आणि वेडेवाकडे असतात. होलोग्रामने काय केलं, तर वस्तूची तुलना तिच्याच मघाच्या रूपाशी लावून दिली. खडबडीतपणा दोन्हीकडे अगदी तोच, म्हणून वजाबाकीत तो उडून गेला. शिल्लक राहिली ती निव्वळ हालचाल. एकाच लेथवर लागोपाठ कातलेल्या दोन चकत्या घेऊन हे करता येत नाही. जुळं भावंड चालत नाही, ज्याचं त्यालाच लागतं. पण एवढी अट पाळली की मग काहीही चालतं. ओतीव लोखंड, लाकूड, रबर, हाड, रंगवलेला कॅनव्हास.

ट्रेकला जाणाऱ्यांनी टोपोशीट पाहिलेली असते. समान उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटलेल्या, तिथे कडा, जिथे ऐसपैस, तिथे पठार. होलोग्रामवरचे पट्टे तसेच वाचायचे. मात्र हा नकाशा वस्तूच्या आकाराचा नसतो, तिच्या सरकण्याचा असतो. आमच्या धड चकतीवर गोल वर्तुळं यायची. मग मागच्या बाजूने एका ठिकाणी पत्रा कोरून पातळ केला आणि पुन्हा वजन लावलं. पुढून काहीच दिसत नव्हतं, पण वर्तुळं त्या बाजूला फुगून अंड्यासारखी झाली. एक गोष्ट मात्र हे पट्टे सांगत नाहीत. टोपोशीटवर आकडे छापलेले असतात, इथे नसतात. चकती पुढे आली की मागे गेली, हे नुसत्या वर्तुळांवरून ओळखता येत नाही. पुढे ओळखीच्या लाटेला मोजून-मापून थोडं थोडं पुढेमागे करून तीन-चार नोंदी घ्यायची युक्ती निघाली. त्याने दिशा तर कळलीच, शिवाय एका पट्टीचेही बारीक तुकडे वाचता येऊ लागले.

थरथरणाऱ्या डब्याची गोष्ट आणखी सुरस आहे. जे हलतंय त्याचा होलोग्राम निघावाच कसा? झोपाळा आठवा. मधून जाताना तो सर्रकन जातो, दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळतो. थरथरणारा पत्राही तसाच. त्याचा बराचसा वेळ दोन टोकांपाशी जातो, म्हणून प्लेटवर मुख्यतः या दोन टोकांच्याच चकत्या उमटतात आणि त्यांचं आपसात व्यतिकरण होतं. जो भाग मुळीच हलला नाही तो लखलखीत दिसतो. जसजसं हलणं वाढतं तसे अधिकाधिक मंद पट्टे येत जातात. या मंद होत जाण्याचं गणित बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ग्रहांच्या कक्षांसाठी रचलेल्या सूत्रांत आयतं बसतं.

कंपनाचे नकाशे काढायची हौस जुनीच. जर्मनीतल्या क्लाड्नीने १७८७ मध्ये पत्र्यावर वाळू टाकून, कडेवर व्हायोलिनचा गज ओढून नक्षी दाखवली होती. वाळू हलत्या भागावरून उडते आणि स्थिर रेषांवर जाऊन बसते. आपल्याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी हीच वाळू मृदंगाच्या पुडीवर टाकली. साधा ढोल बेसूर आणि मृदंग-तबला सुरेल, हे का, असा त्यांचा प्रश्न होता. १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये पहिलं टिपण आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध लिहून त्यांनी दाखवलं की मधल्या शाईच्या वजनामुळे पुडीची पहिली नऊ कंपनं पाच सुसंवादी स्वरांत गोळा होतात. पण वाळूच्या मर्यादा उघड आहेत. पुडी आडवी हवी. वाळू सांगते कुठे हललं नाही, बाकी ठिकाणी किती हललं हे सांगत नाही. आणि व्हायोलिनच्या बाकदार पोटावर ती टिकणारच नाही. १९७० मध्ये स्वीडनमधल्या एरिक यान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायोलिनचे होलोग्राम छापले. स्वरागणिक लाकडावर वेगवेगळी बेटं उठलेली, एखाद्या स्वराला दोन, एखाद्याला पाच-सहा.

वाळूचा एक कणही जिथे जड होईल अशी एक पुडी आपल्या प्रत्येकाच्या कानात आहे. कानाचा पडदा, करंगळीच्या नखाएवढा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड. तो कसा हलतो? गेओर्ग फॉन बेकेशीने १९४० च्या दशकात मृतदेहांच्या कानांवर नाजूक उपकरण धरून ठिकठिकाणी मोजलं आणि सांगितलं की बहुतेक पडदा एका ताठ झडपेसारखा सबंध हलतो. कानावरच्याच दुसऱ्या कामासाठी १९६१ चं नोबेल मिळवलेला माणूस, त्याचा शब्द कोण मोडणार? पाठ्यपुस्तकांत तेच गेलं. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात श्याम खन्ना आणि युर्गेन टोनडॉर्फ यांनी मांजराच्या आणि माणसाच्या कानाच्या पडद्याचे थरथरते होलोग्राम घेतले. झडप कुठेच नव्हती. पडद्याला चिकटलेल्या हाडाच्या दांड्याच्या दोन्ही अंगांना दोन वेगळी बेटं फुगत होती आणि दांडा मधल्या दरीत, सर्वांत कमी हलत होता. म्हणजे पडदा जास्त हलतो, हाड कमी, पण जोराने. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने पडद्याच्या बाकामुळे असं होत असावं म्हटलं होतं आणि मधल्या काळात ते मागे पडलं होतं. बेकेशीला एकेका बिंदूवर मोजावं लागलं, खन्ना-टोनडॉर्फना अख्खा पडदा एका नजरेत दिसला. फरक एवढाच होता, पण तेवढ्याने पाठ्यपुस्तक बदललं.

कारखान्यात ही विद्या शिरली ती टायरमधून. विमानाचे टायर एकदा झिजले म्हणून फेकत नाहीत. ट्रकच्या टायरांसारखेच ते अनेकदा रिमोल्ड होतात. आतल्या थरांमध्ये कुठे चिकटपणा सुटला असेल तर बाहेरून ठोकून, दाबून कळत नाही. उपाय गमतीदार आहे. टायर बंद पेटीत ठेवायचा आणि पेटीतली थोडी हवा काढून घ्यायची. सुटलेल्या थरात अडकलेली हवा फुगते आणि वरचं रबर मायक्रॉनभर उचलते. हवा काढण्याआधीची आणि नंतरची नोंद एकमेकींवर ठेवली की दोष आहे तिथे नेमबाजीच्या फळ्यासारखी वर्तुळं उमटतात. इटलीत १९७४ मध्ये लाकडी फळीवरच्या जुन्या चित्रांचं असंच निदान झालं. चित्राला जराशी ऊब द्यायची, रंगाचा थर जिथे फळीपासून सुटलाय तिथे तो वेगळ्या तऱ्हेने फुगतो. चित्राला बोट लावावं लागत नाही.

मात्र कारखान्यात रात्री एकची शांतता कुठून आणणार? म्हणून पुढे पद्धतीची एक धाकटी बहीण आली, शिअरोग्राफी. तिच्यात बाहेरची ओळखीची लाट नसतेच. पृष्ठभागाच्या प्रतिमेलाच किंचित बाजूला सरकवून तिची तिच्याशी गाठ घालतात. सबंध टायर हादरला तर दोन्ही प्रतिमा मिळून हादरतात आणि हादरा वजाबाकीत उडतो. आज विमानांचे टायर बहुधा हिच्याच हाताखालून जातात. काचेच्या प्लेटाही गेल्या. इंग्लंडमधल्या लफबरोत बटर्स आणि लेंडर्ट्झ यांनी १९७१ मध्ये टीव्ही कॅमेऱ्यावरच हे पट्टे आणले. १९९४ मध्ये जर्मनीत श्नार्स आणि युप्टनर यांनी कॅमेऱ्याच्या चिपवर होलोग्राम नोंदवून प्रतिमा संगणकात उभी केली. हिरव्या दिव्यात प्लेट धुणारी आमची पिढी त्यामुळे उगाचच हळहळते. त्या धुण्यात दहातल्या सहा प्लेटा वाया जात, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

विलो रनचा एमेट लीथ होलोग्राफीकडे वळला तो रडारमधून. विमानातल्या रडारच्या लाटा तो फिल्मवर नोंदवत होता आणि ते करता करता गॅबरच्याच कल्पनेपाशी त्याच्या नकळत पोचला होता. नंतर ही कल्पना रडारकडे परत गेली. २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियात लँडर्स इथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. फ्रेंच संशोधकांनी युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाच्या भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या रडार नोंदी एकमेकींवर ठेवल्या आणि वाळवंटावर आमच्या चकतीसारखे पट्टे उमटले. रडारची लाट ५.६ सेंटिमीटरची, म्हणून इथे एका पट्टीचा अर्थ जमीन २८ मिलिमीटर सरकली. निम्म्याचा तोच नियम. हे चित्र जुलै १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात किल्लारी हादरली. तिथली जमीन किती सरकली, हेही पुढे जुन्या उपग्रह-नोंदी उकरून याच पद्धतीने मोजलं गेलं.

जमिनीच्या बाबतीतही अट तीच, ज्याचं त्यालाच. उपग्रह पुन्हा त्याच वाटेवर येईपर्यंत शेत नांगरलं गेलं, ज्वारी गुडघाभर वाढली, की मघाची जमीन आणि आत्ताची जमीन एकमेकींना ओळखत नाहीत. पट्टे विरून नुसती रांगोळी सांडल्यासारखी बुंदकी उरते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवरून दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर परततो. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लाट २४ सेंटिमीटरची आहे. ज्वारीच्या पात्याला ती फारशी जुमानत नाही, पानांमधून वाट काढत खालच्या काळ्या मातीपर्यंत जाते आणि तिथून परत येते.